हार्ड डिस्कचे स्वयंनिरीक्षण आणि भाकिताची मर्यादा : ‘स्मार्ट’ प्रणालीची चिकित्सा

प्रस्तावना

नाशिक शहरात संपूर्ण महाराष्ट्र हे कार्यक्षेत्र असलेली दोन विद्यापीठे आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली, तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची १९९८ साली. त्यांच्या जोडीला शंभरी ओलांडलेल्या शिक्षणसंस्था आहेत आणि १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. अशा शहरात नोंदींचे जतन ही केवळ कार्यालयीन बाब राहत नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे गुणपत्रक, एखाद्या संशोधकाने वर्षानुवर्षे गोळा केलेली बोलीभाषेची ध्वनिमुद्रणे, विभागाच्या कपाटातील एम.फिल.च्या प्रबंधिका, हे सारे त्या त्या संस्थेची स्मृती असते. ही स्मृती आता मोठ्या प्रमाणावर हार्ड डिस्कवर आहे.

कागद नष्ट होताना दिसतो. वाळवी लागली की भुकटी पडते, ओल आली की डाग उमटतो. हार्ड डिस्कच्या बाबतीत असा बाह्य पुरावा बहुधा मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी डिस्कलाच स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवायला लावणारी ‘स्मार्ट’ ही प्रणाली विकसित झाली. ‘सेल्फ मॉनिटरिंग, ॲनालिसिस अँड रिपोर्टिंग टेक्नॉलॉजी’ या तिच्या पूर्ण नावातच स्वयंनिरीक्षण, विश्लेषण आणि निवेदन या तीन क्रिया अभिप्रेत आहेत. प्रस्तुत लेखात या प्रणालीच्या दाव्याची चिकित्सा केली आहे. तीतून निघणारा निष्कर्ष असा की, या प्रणालीचा इशारा गंभीरपणे घेण्याजोगा असतो. परंतु तिचे मौन हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मानता येत नाही.

उगम व कार्यपद्धती

डिस्कच्या बिघाडाची पूर्वसूचना देण्याचा महत्त्वाचा व्यावसायिक प्रयत्न आयबीएम कंपनीने १९९२ साली केला. त्यानंतर कॉम्पॅक कंपनीने सीगेट, क्वांटम आणि कॉनर या उत्पादकांच्या सहकार्याने ‘इंटेलिसेफ’ ही पद्धत तयार केली आणि १९९५ साली ती उद्योगक्षेत्राच्या सामायिक प्रमाणकासाठी खुली केली. त्यातूनच ‘स्मार्ट’चा उदय झाला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सर्व डिस्कमध्ये ही सोय असते.

तिचे कार्य समजण्यासाठी डिस्कची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला सामान्यतः ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेतात. वाचन-लेखन करणारे हेड तबकडीला स्पर्श न करता काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. माहिती ‘सेक्टर’ नावाच्या लहान कप्प्यांत साठविली जाते. प्रत्येक डिस्कमध्ये काही सेक्टर राखीव ठेवलेले असतात. एखादा सेक्टर वाचता येईनासा झाला की डिस्क त्याला प्रथम ‘संशयित’ ठरवते. पुढे त्या जागी लेखन करण्याची वेळ आली आणि तेही जमले नाही, तर त्याचे काम राखीव सेक्टरकडे सोपविले जाते. संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीला या बदलाची गंधवार्ताही नसते.

‘स्मार्ट’ अशा घटनांची मोजदाद ठेवते. तिच्या तक्त्यात ५ व्या क्रमांकावर बदललेल्या सेक्टरांची संख्या असते, १९७ व्या क्रमांकावर संशयित सेक्टरांची आणि १९८ व्या क्रमांकावर दुरुस्त न झालेल्या सेक्टरांची. यांखेरीज एकूण चालू तास, तापमान, वीज अचानक गेल्यामुळे हेड तातडीने मागे घेण्याचे प्रसंग अशा अनेक नोंदी असतात. प्रत्येक नोंदीला एक कच्चा आकडा, त्यावरून काढलेले एक सापेक्ष मूल्य आणि उत्पादकाने ठरवून दिलेले एक उंबरठा मूल्य असते. सापेक्ष मूल्य घसरत उंबरठ्यापर्यंत आले की डिस्क स्वतःला धोक्यात असल्याचे जाहीर करते. तोपर्यंत तिचा निकाल ‘उत्तीर्ण’ असाच येतो.

आकडेवारीचा दाखला

या भाकितावर कितपत विसंबावे, याचा मोठ्या प्रमाणावरील पडताळा २००७ साली मिळाला. गुगल कंपनीतील पिन्हेरो, वेबर आणि बरोसो यांनी त्या वर्षी एक लाखाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्षांना दोन बाजू आहेत. पहिली बाजू प्रणालीच्या पक्षाची आहे. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. पहिला सेक्टर बदलला गेल्यानंतर हीच शक्यता १४ पट झाली. म्हणजे इशारा मिळाला, तर तो अर्थपूर्ण असतो.

दुसरी बाजू मात्र अस्वस्थ करणारी आहे. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये सर्वांत प्रभावी ठरलेल्या चार निर्देशकांपैकी एकाचीही नोंद नव्हती. तापमान वगळून उरलेले सर्व निर्देशक विचारात घेतले, तरी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्क कोणतीही खूण न दाखवता बंद पडल्या होत्या. बॅकब्लेझ या साठवणसेवा देणाऱ्या कंपनीने आपल्या डिस्कचे तपशील २०१३ पासून गोळा करून पुढे सर्वांसाठी खुले केले. तिने २०१६ साली पाच निवडक निर्देशकांचा आढावा घेतला, तेव्हा निकामी झालेल्या सुमारे २३ टक्के डिस्कनी यांपैकी एकही इशारा दिला नव्हता. दोन अभ्यासांतील निर्देशक आणि परिस्थिती वेगळी असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि दोहोंचा रोख एकच आहे. बिघाडांचा दुर्लक्षिता न येण्याजोगा हिस्सा पूर्वसूचनेविना घडतो.

याचे कारण बिघाडाच्या स्वरूपात आहे. तबकडीचा पृष्ठभाग हळूहळू झिजत असेल, तर त्याची मोजदाद शक्य असते. परंतु नियंत्रक मंडलातील एखादा घटक जळणे किंवा डिस्कच्या अंतर्गत आज्ञावलीत दोष असणे, या घटनांना पूर्वलक्षणे असतीलच असे नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप उंबरठा मूल्याविषयी आहे. प्रमाणकाने निकाल कळविण्याची रीत निश्चित केली. पण कोणत्या नोंदीचा अर्थ काय आणि धोक्याची रेषा कोठे ओढायची, हे बव्हंशी उत्पादकावर सोपविले. उत्पादकाचे हित उघड आहे. चांगली डिस्क चुकून धोकादायक ठरली, तर हमीच्या मुदतीत ती बदलून देण्याचा खर्च त्याच्यावर पडतो. त्यामुळे खोटा इशारा टाळण्याकडे कल झुकतो आणि त्याची किंमत न मिळालेल्या खऱ्या इशाऱ्यांनी मोजावी लागते. गॉर्डन ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वर्षाला सुमारे ०.१ टक्का इतकेच खोटे इशारे ठेवायचे झाल्यास उत्पादकांच्या उंबरठ्यांमुळे खऱ्या बिघाडांपैकी केवळ ३ ते १० टक्के बिघाडांची पूर्वसूचना मिळत होती. ‘उत्तीर्ण’ या शब्दाचे वजन यावरून ठरवावे.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना ही अडचण परकी नाही. नॅकच्या मूल्यांकनासाठी स्वयंमूल्यमापन अहवाल संस्था स्वतःच लिहिते. परंतु तेवढ्यावर श्रेणी मिळत नाही. २०१७ साली सुधारलेल्या पद्धतीत आकडेवारीची त्रयस्थ पडताळणी आणि तज्ज्ञ समितीची भेट असे टप्पे होते. अहवाल प्रामाणिक असला, तरी तो बाहेरून तपासला जावा, हे तत्त्व त्यामागे आहे. डिस्कच्या बाबतीत मात्र हेच प्राध्यापक तिने स्वतःविषयी दिलेल्या निर्वाळ्यावर थांबतात, ही विसंगती आहे.

दुसरा आक्षेप निरीक्षणाच्या व्याप्तीविषयी आहे. सेक्टर बिघडला आहे हे डिस्कला सामान्यतः तो वाचू गेल्यावरच कळते. रोज उघडली जाणारी वेतनाची फाईल या दृष्टीने सुरक्षित म्हणावी लागेल, कारण तिच्यातील दोष लवकर उघड होतो. याउलट २००५ साली साठवून पुन्हा कधीही न उघडलेली मुलाखतींची ध्वनिफीत ज्या सेक्टरांवर आहे, त्यांची विचारपूस कोणीच केलेली नसते. पृष्ठभागाची संपूर्ण चाचणी मुद्दाम घेतली, तर हा दोष सापडतो. परंतु ती घ्यावी लागते. कपाटात कुलूपबंद ठेवलेली डिस्क तर वीजपुरवठ्याअभावी कोणतेच निरीक्षण करीत नाही. जी सामग्री सर्वांत दुर्मिळ, तिच्याविषयीच प्रणालीचे ज्ञान सर्वांत कमी, असा हा विरोधाभास आहे.

तिसरा आक्षेप प्रणालीच्या कक्षेबाहेरील बिघाडांविषयी आहे. एचपीई या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही एसएसडी प्रारूपांबाबत स्वतःच इशारा दिला की, अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे ही उपकरणे ३२,७६८ तास चालल्यानंतर निकामी होतील आणि त्यांवरील माहिती परत मिळणार नाही. हे तास म्हणजे तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तास. ३२,७६८ ही संख्या दोनचा पंधरावा घात आहे, यावरून दोष झिजेचा नसून मोजणीचा असावा, हे ध्यानात येते. अशी दोन उपकरणे एकाच दिवशी सुरू करून एकावर मूळ आणि दुसऱ्यावर प्रत ठेवली असती, तर दोन्ही एकाच वेळी गेली असती. शेवटच्या तासापर्यंत झिजेचे निर्देशक मात्र उत्तम दिसले असते.

नाशिकच्या संदर्भात

मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राने २००० नंतरच्या दशकात दीर्घकाळ भारनियमन अनुभवले. नाशिकही त्याला अपवाद नव्हते. वीज अचानक गेली की तबकडीच्या उरलेल्या गतीतून मिळणाऱ्या ऊर्जेवर हेड सुरक्षित जागी नेले जाते. या प्रसंगांची संख्या बहुतेक डिस्कच्या तक्त्यात १९२ व्या क्रमांकावर सापडते. वीज वारंवार जाणाऱ्या कार्यालयातील संगणकावर ही नोंद वाचून पाहणे उद्बोधक ठरते. बॅटरीचा आधार खरोखर काम करतो की नाही, हे तीवरून कळते.

उष्णतेविषयीची समजूत मात्र तपासून घ्यावी लागेल. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि संगणक-कक्ष थंड ठेवला म्हणजे माहिती सुरक्षित राहिली, असे गृहीत धरले जाते. गुगलच्या उपरोक्त अभ्यासात सरासरी तापमान आणि बिघाड यांचा अपेक्षित सरळ संबंध आढळला नाही. तो प्रामुख्याने अतिशय तप्त आणि काही वर्षे वापरलेल्या डिस्कमध्येच दिसला. वातानुकूलन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ते दुसऱ्या प्रतीला पर्याय ठरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मराठी विभागांपुढे आणखी एक प्रश्न आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचा बराचसा मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र फॉन्टमध्ये टंकलिखित झाला. तो फॉन्ट उपलब्ध नसेल, तर अत्यंत निरोगी डिस्कवरील प्रबंधिकाही निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद केली; त्यामुळे या प्रबंधिकांचा संग्रह आता वाढणार नाही, तो केवळ घटू शकतो. ‘स्मार्ट’चे निरीक्षण डिस्कपुरते असते, मजकुरापुरते नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून ‘स्मार्ट’ प्रणाली टाकाऊ ठरत नाही. तिच्या अंतिम निकालापेक्षा तिच्या नोंदी वाचणे अधिक उपयुक्त आहे, असे मात्र ठरते. ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे २००२ पासून विकसित होत असलेले विनामूल्य साधन त्यासाठी उपलब्ध आहे. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे शून्यावरून वाढू लागले, तर ‘अनुत्तीर्ण’ या निकालाची वाट न पाहता माहिती प्रथम दुसरीकडे हलवावी. आकडे शून्य असले, तरी प्रती असाव्यातच. त्या निरनिराळ्या बनावटीच्या उपकरणांवर आणि एक तरी वेगळ्या इमारतीत असावी. वर्षातून एकदा त्या केवळ मोजू नयेत, तर उघडून वाचाव्यात.

हा विचार मराठी परंपरेला नवा नाही. महानुभाव परंपरा सांगते की, ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धामधुमीत गहाळ झाली आणि ग्रंथ अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभा राहिला. त्यामुळे पाठभेद निर्माण झाले, पण ग्रंथ उरला. पोथी किती काळ टिकेल, याचे भाकीत तेव्हा कोणाजवळ नव्हते. ती अनेकांच्या मुखी होती, एवढेच पुरेसे ठरले. हार्ड डिस्क आपल्या आयुष्याविषयी काही सांगू शकते, हा तंत्रज्ञानाचा निश्चितच मोठा लाभ आहे. मात्र तिने काही सांगितले नाही म्हणून विभागातील एकुलती एक प्रत तिच्या स्वाधीन करून निश्चिंत राहिल्यास, तो दोष यंत्राचा राहत नाही.