फ्लिअर विरुद्ध टॉप्स: अर्धा निकाल वाचला की काय होतं

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक प्रकरण गाईडकडे दिलं. त्यात एक वाक्य मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: "१९८० साली अमेरिकन कोर्टाने खेळाडूंच्या कार्डांवरची टॉप्सची मक्तेदारी बेकायदा ठरवली." सरांनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं, "आणि १९८१ साली?"

१९८१ मी वाचलंच नव्हतं. अपिलात तो निकाल उलटला होता आणि माझं अर्धं प्रकरण त्याच्यावर उभं होतं. म्हणून आज हाच खटला घेतो. दुसरा निकाल मला आजही पटत नाही, पण न पटण्याचं कारण मात्र पूर्ण बदललंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपण शाळेत ट्रम्प कार्डं जमवायचो तशी अमेरिकेत बेसबॉलची कार्डं जमवतात. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे, आणि अनेक वर्षं पाकिटात बबलगम. असं कार्ड छापायला दोन परवानग्या लागतात: खेळाडूच्या चेहऱ्याची, आणि संघाच्या नावाची व लोगोची. चेहऱ्याच्या हक्काला 'राइट ऑफ पब्लिसिटी' हे नाव मिळालं तेच मुळी १९५३ साली, हेलन लॅबोरेटरीज विरुद्ध टॉप्स या खटल्यात. म्हणजे आज सिनेनटांचे वकील जो हक्क सांगतात, त्याचा जन्म च्युइंगगमच्या भांडणातला! कायद्याचा इतिहास कधी कधी असाच असतो.

टॉप्सची पद्धत साधी होती. खेळाडू मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या साखळीत असतानाच त्याला पाच डॉलर देऊन सही घ्यायची. तो वरच्या लीगमध्ये पोचला की ठरलेली वार्षिक रक्कम, बराच काळ १२५ डॉलर. अशा शेकडो सह्या. १९७५ साली फ्लिअर कंपनीने टॉप्स आणि खेळाडूंची संघटना या दोघांवर दावा लावला. १९८० साली खालच्या कोर्टाने म्हटलं की हे सगळे करार आणि संघटनेचा परवाना एकत्र धरले तर बाजाराचं दार बंद होतं. नुकसानभरपाई किती? एक डॉलर, कायद्यानुसार तिप्पट करून तीन. खरं फळ वेगळं होतं, संघटनेला आणखी परवाना देणं भाग पडलं. १९८१ च्या हंगामात फ्लिअर आणि डॉनरस दोघांची कार्डं दुकानात आली.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. युक्तिवाद थोडक्यात असा: प्रत्येक करार कायदेशीर आहे, नुसती बेरीज केल्याने तो बेकायदा होत नाही. आणि फ्लिअरला कुणी अडवलं होतं? टॉप्ससारखं मायनर लीगमध्ये जाऊन सह्या घ्यायच्या होत्या.

हे वाचून "कोर्ट मोठ्या कंपनीच्या बाजूने गेलं" असं म्हणून मोकळं होऊ नका. मी झालो होतो. यामागचा विचार दमदार आहे: दुकानात स्पर्धा नसली तरी करार मिळवण्यासाठी स्पर्धा असू शकते. करार वेगवेगळ्या वेळी संपत असतील, दरवर्षी नवे खेळाडू येत असतील, तर दार किलकिलं राहतं.

माझा आक्षेप मोजण्याच्या एककावर आहे. कोर्टाने एकेक खेळाडू मोजला. पण मुलं पाकीट विकत घेतात ती अख्खा संच पूर्ण करायला. तीस नवख्यांच्या सह्या असलेला संच कोण घेणार? शंभरावी सही मिळेपर्यंत पहिल्या नव्याण्णवांची किंमत जवळपास शून्य, आणि तोवर नवख्यांतले कितीतरी वर पोचतच नाहीत. खालच्या कोर्टाने अख्खा संच मोजला होता. दोन कोर्टांतला खरा फरक मला इथे दिसतो. कायद्याचं कलम दोघांसमोर तेच होतं. आपण संशोधन आराखड्यात 'युनिट ऑफ ॲनालिसिस' असा रकाना भरतो ना, तो असा निकाल ठरवतो.

पुढची गंमत बघा. निकाल विरोधात जाऊनही फ्लिअर बाजारातून गेली नाही. टॉप्सचे करार गम आणि गोळ्यांसोबतच्या विक्रीभोवती लिहिलेले होते, म्हणून १९८२ साली फ्लिअरने गमऐवजी स्टिकर घातला आणि डॉनरसने बेब रूथच्या चित्रकोड्याचे तुकडे. १९८८ साली स्कोअर आली, १९८९ साली अपर डेक. आता समजा तुम्ही निकालाचं वर्ष 'डमी व्हेरिएबल' धरून आधीच्या-नंतरच्या कंपन्या मोजल्यात, तर उत्तर येईल की एक्सक्लुझिव्ह करार वैध ठरवल्याने स्पर्धा वाढली! आकडा बरोबर, अर्थ साफ चूक.

आज तोच निकाल उद्धृत करताना आणखी एक अडचण आहे. आता सह्या एकेकट्या घेतल्या जात नाहीत. संघटना आणि लीग अशी दोनच दारं उरली आहेत. लीगने २०१० पासून लोगो फक्त टॉप्सला दिले. २०२१ साली लीग आणि संघटना दोघांनी पुढचे हक्क फॅनॅटिक्सला द्यायचं ठरवलं, आणि फॅनॅटिक्सच्या कार्ड कंपनीत लीग व संघटनांना हिस्सेदारीही मिळाली. लिलाव करणाराच बोली लावणाऱ्याचा भागीदार झाला, तर "करारासाठी स्पर्धा" हे वाक्य कोणत्या आधारावर म्हणायचं? १९८१ च्या निकालात या परिस्थितीचं उत्तर नाही, कारण तेव्हा ती नव्हती.

हक्क गेल्यावर टॉप्सचा १.३ अब्ज डॉलरचा विलीनीकरणाचा सौदा मोडला, आणि जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सनेच तिचा कार्डांचा धंदा सुमारे ५० कोटी डॉलरला घेतला. फरक म्हणजे परवान्याची किंमत, असं मी एका सादरीकरणात म्हणून बसलो होतो. पहिल्या सौद्यात गोळ्या-बबलगमचा धंदाही होता, दुसऱ्यात नव्हता. वजाबाकी करण्याआधी दोन्हीकडे काय काय आहे ते बघा.

२०२३ साली पनिनीने फॅनॅटिक्सवर मक्तेदारीचा दावा लावला. याच पनिनीकडे २००९ पासून बास्केटबॉलचे आणि २०१६ पासून अमेरिकन फुटबॉलचे एक्सक्लुझिव्ह हक्क होते, त्यामुळे चर्चासत्रांत हा विषय निघाला की हमखास कुणीतरी हसतं. हसा, पण युक्तिवाद त्यामुळे खोटा ठरत नाही. पनिनीचा भर एकट्या एक्सक्लुझिव्ह असण्यावर नाही. करारांची लांबी, तिन्ही मोठे खेळ एकाच हातात जाणं, आणि आपली कार्डं छापणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने ताब्यात घेणं, हे सगळं एकत्र मोजा असं ती म्हणते. म्हणजे १९८० च्या खालच्या कोर्टाचंच एकक.

माझ्या प्रकरणात आता ते जुनं वाक्य असं आहे: "१९८० च्या निकालाने, जो १९८१ मध्ये रद्द झाला, बेरजेची पद्धत वापरली." सरांनी यावेळी समासात काही लिहिलं नाही.