दासोपंतांची रोजची शाई : एका आख्यायिकेची चिकित्सा

अंबेजोगाईचे सत्पुरुष व ग्रंथकार दासोपंत यांच्याविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लेखनासाठीं त्यांस रोज एका ढबू पैशाची शाई लागे, असें सांगतात. प्राचीन मराठी वाङ्मयावर लिहिणारे ही गोष्ट ग्रंथविस्ताराचा दाखला म्हणून देतात. वाचकही कौतुकानें मान डोलवून पुढें जातो. आमच्या मतें या आख्यायिकेंत पुराव्याचा अंश आहे. परंतु ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून ती पुढें करण्यांत येते, त्या गोष्टीचा तो नव्हे. ग्रंथकाराचें लेखनजीवन कसें तपासावें, हा प्रश्न तिच्या पोटीं आहे, म्हणून तिची चिकित्सा करण्याचें योजिलें आहे.

१. प्रथम कालनिर्णय. दासोपंतांचा जन्म शके १४७३ त, म्हणजे इ. स. १५५१ त, नारायणपेठ येथें झाला. त्यांचे वडील दिगंबरपंत हे देशपांडे होते. सरकारी वसुलाची रक्कम थकल्यामुळें बेदरच्या बादशहानें मुलास ओलीस ठेवून घेतलें व श्रीदत्तकृपेनें त्याची सुटका झाली, ही कथा चरित्रकार आवर्जून सांगतात. समाधीची तिथि शके १५३७, माघ वद्य षष्ठी ही होय. शकाच्या आंकड्यांत ७८ मिळवून कित्येक ठिकाणीं इ. स. १६१५ असें वर्ष दिलेलें आढळतें. पण माघ मास इंग्रजी वर्ष पालटल्यावर येतो, तेव्हां तें १६१६ पाहिजे. एकंदर आयुष्य चौसष्ट वर्षांचें. यांतील पहिलीं पंचवीस वर्षें बालपण, संकट व साधना यांकडे गेलीं असें मानिलें, तर लेखनास सुमारें चाळीस वर्षें उरतात.

२. आतां ग्रंथसंख्या. ‘गीतार्णव’ या गीताटीकेच्या ओव्या सव्वा लाख, आणि ‘पदार्णवां’तील पदेंही सव्वा लाख, अशी परंपरा आहे. सव्वा लाख ही संख्या जपाच्या व अनुष्ठानाच्या संकल्पांत नेहमीं येणारी असल्यानें ती मोजून काढलेली आहे असें समजूं नये. तथापि तिला अशक्य म्हणून झिडकारणेंही उतावळेपणाचें होईल. रोज वीस ओव्या धरल्या तर सव्वा लाख ओव्यांस ६,२५० दिवस, म्हणजे सतरा वर्षांहून थोडा अधिक काळ पुरतो. रोज दहा धरल्यास चौतीस वर्षांवर लागतात. याच्याशेजारीं नामदेवरायांच्या शतकोटी अभंगांचा संकल्प ठेवून पहावा. शंभर वर्षें खंड न पाडतां लिहिलें तरी रोजचे सत्तावीस हजारांवर अभंग होतात. ती संख्या भक्तीच्या भाषेंतली आहे, आणि तिला गणित लावणें हा अरसिकपणा ठरेल. दासोपंतांची संख्या मात्र मनुष्याच्या हाताला पेलणारी आहे. अट एवढीच कीं, तो हात रोज चालला पाहिजे.

३. येथें शाईची गोष्ट उपयोगी पडते. त्या काळीं शाई बहुधा घरींच करीत. दिव्याचें काजळ धरून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत तें पुष्कळ वेळ खलून दौतींत भरीत. ढबूचें मोल हें त्या द्रव्याचें माप झालें, ओव्यांचें नव्हे. त्याच दौतींतून मूळ रचना, तिची शुद्ध प्रत, शिष्यासाठीं उतरलेली नक्कल आणि समासांतील दुरुस्ती, हें सर्व निघत असणार. तेव्हां शाईच्या किंमतीवरून ओव्या मोजणारा टीकाकार आणि तेलाच्या खर्चावरून कीर्तनाचा रंग ठरविणारा कारकून, हे एकाच जातीचे होत. ‘ढबू’ हें नांव पुढच्या पिढ्यांनीं आपल्या बाजारांतून उचलून कथेंत घातलें असेल, असाही आक्षेप निघेल. तो आम्ही मान्य करितों. परंतु त्यानें ‘रोज’ या शब्दास बाध येत नाहीं.

या आख्यायिकेचें मर्म त्या एका शब्दांत आहे. लोकस्मृति संतांविषयीं सहसा चमत्कार जपते. भिंत चालते, रेडा वेद बोलतो. दासोपंतांच्या चरित्रांतही चमत्कारांची वाण नाहीं. असें असतां त्यांच्या लेखनाविषयीं मात्र लोकांनीं रोजचा एक घरखर्च लक्षांत ठेविला. एका बैठकींत ग्रंथ प्रकट झाला असें कोणी सांगितलें नाहीं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं वर्षानुवर्षें जें डोळ्यांनीं पाहिलें, त्याचाच अवशेष या गोष्टींत उरला असावा, असें आम्हांस वाटतें.

४. नित्य लेखनानें ग्रंथ वाढतो, हें उघड आहे. ग्रंथकारही वाढतो काय, हा खरा टीकेचा प्रश्न. आणि येथें आमच्या अभ्यासाची उणीव दिसून येते. समकालीन एकनाथांचें उदाहरण घ्या. ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके १४९३ चें, ‘भागवत’ पुरें झालें शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस काशींत, आणि ज्ञानेश्वरीचें शोधन शके १५०६ मधलें. या तीन तिथी ग्रंथांतच नमूद असल्यामुळें नाथांची वाटचाल पावलागणिक दिसते. स्वतः हजारों ओव्या रचून झाल्यावर तो पुरुष दुसऱ्याच्या ओव्यांचे अपपाठ काढण्यास बसला, हा त्यांच्या वाढीचा केवढा मोठा पुरावा आहे! पुढें ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत येऊन थांबलें व गावबानें तें पुरें केलें. म्हणजे अखेरपर्यंत हात चालू होता, हेंही कळतें.

दासोपंतांच्या बाबतींत टीकाकारांनीं हा क्रम लावण्याऐवजीं विस्तारावरच सगळा भर दिला. गीतेवरच त्यांनीं ‘गीतार्णव’ हा समुद्र निर्माण केला आणि ‘गीतार्थबोधचंद्रिका’ ही आटोपशीर टीकाही रचिली. आटोपशीर ग्रंथ आधींचा असेल, तर ही वाढ विस्ताराकडे झाली. नंतरचा असेल, तर संयमाकडे. ग्रंथकाराच्या स्वभावाविषयींचा आपला निर्णय या क्रमावर फिरतो. केवळ आकार पाहून लहान तो आधींचा असें ठरविणें म्हणजे झाडाची उंची मोजून त्याचें वय सांगण्यासारखें आहे. संस्कृतांतल्या एका ‘घट’ शब्दापुढें मराठींतील भांड्यांचीं अनेक नांवें मांडून मराठीचा कैवार घेणाऱ्या त्यांच्या ओव्या प्रसिद्ध आहेत. असा शब्दसंग्रह एका दिवसांत जमत नाहीं. स्वयंपाकघर, कुंभारवाडा, बाजार यांतील बोलणें रोज कानीं पडावें आणि रोज लेखणीखालीं यावें, तेव्हां तो अंगीं मुरतो. अशी स्थळें कालक्रमानें लागलीं, तर भाषेची वाढही दाखवितां येईल.

५. हा क्रम लावण्याचें साधन म्हणजे पोथी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. ग्रंथाच्या आरंभीं जें वळण, तेंच शेवटपर्यंत दिसावें, सगळा ग्रंथ एकाच टाकानें लिहिलासा वाटावा, असा समर्थांचा उपदेश आहे. नकलकाराचा हा आदर्श. रचनाकाराच्या स्वदस्तुराकडून मात्र संशोधकाची अपेक्षा नेमकी उलट असते. वळण कोठें बदललें, हरताळ कोठें फासली, काकपद देऊन कोणता चरण मागाहून घातला, यांतच मनाची घडामोड सांठविलेली असते.

दासोपंतांची प्रख्यात पासोडी या दृष्टीनें पहावी. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद असें या वस्त्राचें माप सांगतात. तीवर पंचीकरणाचा विषय ओव्या व आकृति यांच्या साह्यानें मांडला असून, अंबेजोगाईस त्यांच्या वंशजांनीं ती परंपरेनें जपली. कागदावर चूक झाली तर पान बदलतां येतें. वस्त्रावर तसें करतां येत नाहीं. सगळी मांडणी आधीं मनांत सिद्ध असल्यावांचून असें काम हातीं घेववत नाहीं. म्हणून पासोडी ही उमेदवारींतली कृति नसून वर्षांच्या सरावानें स्थिरावलेल्या हाताची आहे, असा आमचा तर्क आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पासोडी एकसंध राहिली, कारण तिचीं पानें सुटीं करतां येत नाहींत.

६. पोथ्यांचें नशीब असें नाहीं. एका संग्रहांत एकाच हस्ताचीं पत्रें तीन निरनिराळ्या रुमालांत बांधलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत; सुबक अक्षराचें एक पत्र तर चौकटींत बसवून भिंतीवर लाविलें होतें. मालकाची भक्ति खरी होती. पण ज्या पानावर खाडाखोड अधिक, तें त्यानें ‘खराब’ म्हणून तळाशीं टाकलें होतें. आम्हांस हवें होतें तें नेमकें तेंच. आज डिजिटल छायाचित्रें काढण्याची सोय झाली आहे. परंतु तेथेंही कोरी पाठ, वेष्टन व फाटका समास वगळण्याची चाल दिसते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. पोथी ज्या क्रमानें मिळाली त्या क्रमाची नोंद बस्ता सोडण्यापूर्वीं करावी. पुष्पिकेंतील तिथि जशीच्या तशी उतरून घ्यावी, तिचें गणित मागाहून करावें. शाईचा रंग व लेखणीची जाडी कोठें पालटते तें लिहून ठेवावें. खाडाखोडीचें पान सर्वांत मोलाचें समजावें. दासोपंतांनीं रोज शाई खर्च केली, ही गोष्ट परंपरेनें आपल्यापर्यंत पोंचविली. ती शाई कोणत्या दिवशीं कशी चालली, हें सांगणारीं पानें आपल्या हातून विस्कटूं नयेत.