छंदाला कामाला लावताना

ऑक्टोबर उजाडला की परदेशी पीएचडीसाठी अर्ज करणाऱ्या ज्युनिअर्सचे एसओपी माझ्याकडे वाचायला येऊ लागतात. विषय वेगवेगळे, पण शेवटाकडचा एक परिच्छेद बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो: 'तबल्याने मला शिस्त शिकवली आणि तीच मी आज प्रयोगशाळेत वापरतो.' आता तबल्याच्या जागी भरतनाट्यम घाला, फोटोग्राफी घाला, कविता घाला. वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. जे वाक्य कुणाच्याही अर्जात चालतं, ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

अशा लिखाणाचा मूळ नमुना बघायचा तर अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाकडे बघा. तिथली असंख्य कॉलेजेस 'कॉमन ॲप' नावाचा सामायिक अर्ज घेतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या जास्तीत जास्त 10 गोष्टी लिहिता येतात. प्रत्येकीच्या वर्णनाला मोकळ्या जागा धरून 150 अक्षरं. सोबत आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडेही भरायचे. या रचनेचा फायदा आहेच, फापटपसारा आपोआप गळतो. पण चौकटीत जे मोजता येतं तेच उठून दिसतं. मग एकटीच खोलीत बसून कविता करणारी मुलगी 'काव्यमंडळाची संस्थापक अध्यक्ष' होते. तास भरले, पद भरलं, सभासदांचा आकडाही भरला. कविता कशी होती, हे विचारायला रकानाच नाही.

तरी तिथे या रकान्याला काही अर्थ आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांमधून कॉलेज निवड करतं, आणि कॉलेजला नाटकवालेही हवे असतात, वाद्यवृंदवालेही. पीएचडीचा अर्ज मात्र असे प्राध्यापक वाचतात, ज्यांना तुमच्यासोबत पाच-सहा वर्षं काम करायचं असतं. त्यांचा मुख्य प्रश्न एकच: याला संशोधन जमेल का? 'शिस्त', 'चिकाटी', 'टीमवर्क' हे शब्द त्याचं उत्तर देत नाहीत, फक्त दावा करतात. पुराव्याशिवाय दावा चालत नाही, हे तर आपण डेझर्टेशनमध्येच शिकतो ना?

मग छंद लिहायचाच नाही का? लिहा, पण त्यातलं काम लिहा. समजा, तुम्ही पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेची प्रकाशयोजना केलीत. 'रंगभूमीने मला सर्जनशील बनवलं' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: 'सहा दिवे गृहीत धरले होते, मिळाले चार. म्हणून दोन प्रवेशांतल्या हालचाली पुन्हा बसवल्या आणि एक प्रवेश मुद्दाम अंधारात ठेवला.' यात अडचण आहे, निर्णय आहे, परिणाम आहे. पुढे 'म्हणूनच मी चांगला स्पेक्ट्रोस्कोपिस्ट होईन' हा पूल बांधू नका. वाचणाऱ्याला जोडायचं असेल तर तो जोडेल.

इथपर्यंतचा आक्षेप लिखाणावर होता. दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो: अर्जासाठी राबवलेल्या छंदाचं पुढे काय होतं?

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली 3 ते 5 वर्षांची मुलं त्यांनी निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं, ते पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेल्या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा होता. बक्षीस अचानक मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे गोची बक्षिसात नव्हती, बक्षिसासाठी करण्यात होती.

आता संशोधक म्हणून सावध राहू. मुलं फक्त 51, तीही बालवाडीतली. या निष्कर्षाच्या व्याप्तीवर नंतर बराच वादही झाला. बावीस वर्षांच्या तबलजीला तो थेट लागू करता येणार नाही. पण अर्ज गेल्यावर तबल्यावरची धूळ झटकली जाते का, हे प्रत्येकाला स्वतःपुरतं तपासता येईल.

याच्या अगदी उलट वागणं जयंत नारळीकरांचं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. तेव्हा ते टीआयएफआरमध्ये प्राध्यापक होते, नाव सर्वांना ठाऊक होतं. त्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. कथेची पारख कथा म्हणूनच व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. आपल्या अर्जांत नेमकं उलटं घडतं: कथेचा उपयोग दिसतो, कथा दिसत नाही.

तेव्हा या आठवड्यात तुमचा एसओपी उघडा. छंदाच्या वाक्यात छंदाचं नाव बदलून बघा. वाक्य तरीही चाललं, तर ते काढून टाका. मोकळ्या झालेल्या जागेत एमएससीच्या प्रोजेक्टमधलं कोणतं मोजमाप चुकत होतं आणि त्याचं कारण तुम्ही कसं शोधलंत, ते लिहा. आणि तबला वाजवत असाल तर डिसेंबरच्या डेडलाइननंतरही वाजवा, कुठल्याच फॉर्मसाठी नाही.