'उल्का पडली आणि…' : एका कथनाची भाषिक तपासणी

'उल्का पडली आणि डायनोसॉर नष्ट झाले' हे वाक्य आपल्याकडील लोकप्रिय विज्ञानलेखनात थोड्याफार फरकाने वारंवार भेटते. त्यातील विज्ञानाचा निवाडा करणे हे भाषाभ्यासकाचे काम नव्हे. परंतु वाक्याची घडणच निवाडा देऊ लागली, तर तिची तपासणी करणे त्यास प्राप्तच आहे.

'उल्का' या शब्दाविषयी फार लिहावयास नको. वातावरणात शिरून क्षणभर पेटते ती उल्का, भूमीवर पोचतो तो अशनी आणि सूर्याभोवती फिरतो तो लघुग्रह, हा भेद परिभाषेने केलेलाच आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर आदळून सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर पाडणाऱ्या लघुग्रहास उल्का म्हणणे हे सैल लेखन होय, इतकेच.

खरी अडचण 'आणि' या अव्ययाची व 'पडली', 'झाले' या क्रियापदांची आहे. मराठीत 'आणि' पौर्वापर्य सांगता सांगता कार्यकारणभावही सुचवून जातो. 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय लावताना जी जबाबदारी लेखकावर येते, ती येथे येत नाही. शिवाय साधा भूतकाळ एका क्षणात आटोपलेल्या कृतीस सोयीचा असतो. लघुग्रहाचा आघात या काळात नेमका बसतो. दख्खनचा लाव्हा मात्र बसत नाही. तो लक्षावधी वर्षे, मध्ये दीर्घ विश्रांती घेत, थरावर थर वाहत राहिला. त्या विश्रांतिकाळात तळी साचत, वनस्पती उगवत आणि डायनोसॉरही वावरत. लाव्हाथरांमधील गाळाच्या खडकांत त्यांचे अवशेष सापडले आहेत. ही हकीकत रीतिभूतकाळात सांगावी लागते, आणि रीतिभूतकाळात गोष्ट रंगत नाही. म्हणून ती गळते.

'ज्वालामुखी' हा शब्दही तिच्या विरुद्धच साक्ष देतो. तो ऐकताच वाचकासमोर शिखरातून ज्वाला ओकणारा शंकू उभा राहतो. असा शंकू सह्याद्रीत दिसत नाही, कारण येथील लाव्हा मुख्यतः भूपृष्ठाच्या लांबच लांब भेगांतून आला. 'ट्रॅप' या शब्दाची गत तर विनोदी आहे. 'दख्खन ट्रॅप' ऐकून विद्यार्थी सापळा समजतो. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना असा आहे. रत्नागिरीहून आंबा घाट चढणाऱ्यास तो जिना निराळा समजावून द्यावा लागत नाही, आणि आपल्या सड्यावरचा जांभा त्याच काळ्या कातळाची झीज होऊन बनला आहे.

१९८० साली आल्वारेझ पितापुत्र व त्यांचे सहकारी यांनी इरिडियमच्या आधारे आघाताचा सिद्धान्त मांडला, आणि आज बहुसंख्य अभ्यासक आघातासच मुख्य कारण मानतात. परंतु दख्खनच्या वाट्याचा प्रश्न मिटलेला नाही. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात सह्याद्रीतील थरांच्या कालमापनावर दोन निबंध आले. एका गटाने थरांमधील तांबड्या मातीतील झिरकॉन तपासून मोठ्या उद्रेकांपैकी एक आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झालेला ठरविला. दुसऱ्याने बेसाल्टमधील खनिजांवरून बहुतांश लाव्हा आघातानंतरचा ठरविला. आघाताच्या हादऱ्याने उद्रेक बळावले असावेत, असेही एक मत आहे. 'आधी', 'नंतर' आणि 'मुळे' या तीन शब्दांवर जेथे एवढा वाद चालू आहे, तेथे आपला लेखक 'आणि' लिहून मोकळा होतो.

'नष्ट झाले' हेही निरपवाद नव्हे. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज होत. तेव्हा 'पक्षिकुळाव्यतिरिक्तचे' हे विशेषण जड वाटले तरी गाळण्याजोगे नाही. तसेच 'विवर' म्हणताच मराठी वाचकास लोणार आठवते, आणि दोन्ही घटना एकाच काळच्या असा समज होतो. लोणारचा आघात फार अलीकडचा आहे. तो झाला तेव्हा दख्खनचा लाव्हा थिजून कोट्यवधी वर्षे लोटली होती; ते विवर त्याच बेसाल्टमध्ये पडलेले आहे.