पत्रा का फाटतो? – एका जुन्या पुस्तकाविषयी

पदवीला मटेरियल्स सायन्स घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बहुधा प्रथम येतात त्या स्फटिकरचनेच्या व्याख्या. वस्तू का तुटते, हा मूळ प्रश्न मागेच राहतो. जे. ई. गॉर्डन यांचे ‘द न्यू सायन्स ऑफ स्ट्राँग मटेरियल्स’ (१९६८) या प्रश्नालाच हात घालते. काचेची ताकद तिच्यातील सूक्ष्म भेगा ठरवतात, हे ग्रिफिथ यांनी १९२१ साली मांडले. धातूत मात्र अणूंच्या रांगांतील दोष सरकतात. धातू वाकतो आणि भेग सहसा थबकते. अवघड गणित टाळून हे उलगडणे ही या पुस्तकाची खरी कमाई.

उणीव उदाहरणांत आहे. विमाने, जहाजे, लाकूड ही लेखकाची दुनिया. भाईंदरच्या विद्यार्थ्याच्या शेजारी स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. प्रेसखाली पत्रा खेचताना तेच दोष एकमेकांत गुंततात आणि पत्रा कडक होतो. आणखी खेचला तर फाटतो. म्हणून मध्येच भट्टीत तापवून तो मऊ करावा लागतो. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या डब्याच्या सपाट तळाला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, खेचलेल्या कडेला मात्र किंचित ओढला जातो. कारण तेथे स्फटिकरचनाच काही अंशी बदललेली असते. त्या रूक्ष व्याख्येची गरज येथे कळते.

पुस्तक जरूर वाचावे. मात्र अशी उदाहरणे शिक्षकांनीच जोडावी लागतील, असे आम्हांला वाटते.