द्वेषवचनांचे यांत्रिक परीक्षण आणि वक्तृवैशिष्ट्य

आंतरजालावरील मजकूर आता इतका विपुल झाला आहे की, त्यातील द्वेषमूलक वचने माणसांनी एकेक वाचून निवडणे अशक्यप्राय होय. हे काम संगणकाकडे सोपविण्याचे प्रयत्न मराठीतही झाले आहेत. २०२१ साली ट्विटरवरील सुमारे २,५०० मराठी वचनांचा ‘मोल्ड’ हा संग्रह सिद्ध झाला. २०२२ साली पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाचा २५ हजारांहून अधिक वचनांचा ‘महाहेट’ संग्रह प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या संग्रहात द्वेषमूलक, आक्षेपार्ह, अश्लील आणि निर्दोष असे चार वर्ग केलेले आहेत.

अशा परीक्षणाची रीत थोडक्यात अशी : माणसे प्रथम वचनांचे वर्गीकरण करतात, त्यावरून कोणते शब्द कोणत्या वर्गात व कोणत्या शब्दांच्या संगतीने येतात हे यंत्र शिकते, आणि नंतर अपरिचित वचनावर निर्णय देते. त्याच्या अचूकतेचा आकडा मोठ्या विश्वासाने सांगितला जातो. वस्तुतः तो आकडा यंत्राचा निर्णय माणसाच्या निर्णयाशी किती जुळतो एवढेच दर्शवितो. मूळ निर्णयच सदोष असेल, तर यंत्र तो दोष निष्ठेने गिरवील.

ही शंका निराधार नाही. मार्टेन सॅप आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली इंग्रजीतील अशा संग्रहांची तपासणी केली. त्या संग्रहांवर शिकलेली यंत्रे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतील वचनांना इतरांच्या तुलनेने दुपटीपर्यंत अधिक वेळा आक्षेपार्ह ठरवीत होती. वचन कोणत्या बोलीतील आहे हे वर्गीकरण करणाऱ्यांना स्पष्ट सांगितले, तेव्हा मात्र त्यांनी ते आक्षेपार्ह ठरविण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. शब्द तेच होते. वक्त्याचे ज्ञान तेवढे वाढले होते.

भारतीय साहित्यशास्त्राला हे तत्त्व नवे नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त वक्ता, श्रोता, काकू, प्रकरण, देश, काल यांच्या वैशिष्ट्यामुळे वाच्यार्थापलीकडचा अर्थ प्रतीत होतो, असे प्रतिपादिले आहे. सुटे वचन यंत्रापुढे ठेवताना नेमकी हीच सामग्री गळून पडते. जातिवाचक शब्द शिवी म्हणून फेकणारा आणि ‘मला भर चौकात हा शब्द ऐकवला’ अशी तक्रार मांडणारा, हे दोघे मग एकाच वर्गात जाऊन बसतात. उलट, अधिकारपदी पोचलेल्या दलिताला उद्देशून कुत्सितपणे उच्चारलेले ‘आता काय, तुमचेच राज्य!’ हे वाक्य एकही अपशब्द नसल्यामुळे सहज सुटू शकते. निव्वळ शब्दच पाहावयाचे ठरविल्यास नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) हा संग्रहही अश्लील ठरेल. त्या शब्दांमागचा संताप कोणाचा आणि कोणाविरुद्ध, हे त्या गणनेत उतरणार नाही.

ही चूक केवळ शास्त्रीय नव्हे. जेथे यंत्राच्या निर्णयाने मजकूर काढून टाकला जातो, तेथे शिवीबरोबर फिर्यादही पुसली जाते आणि सभ्य भाषेतील द्वेष मात्र तसाच राहतो.

म्हणून यंत्र त्याज्य ठरते असे नव्हे. मात्र वचनाबरोबर त्याचा पूर्वसंदर्भ नोंदवणे, वर्गीकरण करणाऱ्यांतील मतभेद बहुमताखाली न दडपता जतन करणे आणि त्या कामात निरनिराळ्या बोलींच्या व समाजांच्या जाणकारांना स्थान देणे आवश्यक आहे. हे काम मूलतः अर्थनिर्णयाचे आहे. तेव्हा भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी ते सर्वस्वी अभियंत्यांवर सोपवून स्वस्थ बसणे योग्य होणार नाही.