ॲनिमेशनपटांतील लठ्ठ देह आणि सामाजिक संदेश : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

कुटुंबाने एकत्र बसून पाहावयाचे ॲनिमेशनपट म्हणजे निव्वळ करमणूक, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः संस्कार घडविणाऱ्या माध्यमांत त्यांचे स्थान आज महत्त्वाचे आहे. पूर्वी गोंधळ, भारूड व आजीच्या गोष्टी यांनी जे कार्य केले, त्याचा मोठा वाटा आता दूरचित्रवाणी आणि मोबाइलच्या पडद्याकडे गेला आहे. तुळजापूरसारखे तीर्थक्षेत्रही त्यास अपवाद नाही. म्हणून हे चित्रपट लठ्ठ देहाविषयी बालमनाला काय शिकवितात, हा प्रश्न साहित्य, समाजशास्त्र व आरोग्य या तिन्ही शाखांच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात २००८ साली प्रदर्शित झालेले ‘वॉल-ई’ व ‘कुंग फू पांडा’ हे दोन चित्रपट आणि काही भारतीय निर्मिती यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

माध्यमाचे स्वरूप :

नटांच्या चित्रपटात नटाचा देह निसर्गदत्त असतो. ॲनिमेशनपटात मात्र पात्राचे पोट किती सुटावे, चाल कशी असावी, हे सर्व चित्रकार ठरवितो. येथे देह आपोआप येत नाही; तो योजला जातो. त्यामुळे येथील लठ्ठपणा हे एक विधान ठरते आणि त्या विधानाची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम ठरते.

‘वॉल-ई’ : व्यवस्थेवर टीका, देहावर हसू :

अँड्र्यू स्टँटन दिग्दर्शित ‘वॉल-ई’ या पिक्सार निर्मित चित्रपटात कचऱ्याने भरलेली पृथ्वी सोडून मानवजात ‘ॲक्सिऑम’ या अवकाशयानात सातशे वर्षे राहिली आहे. माणसे तरंगत्या खुर्च्यांवर पहुडलेली, डोळ्यांसमोर सतत पडदा, हाती पेल्यातून प्यावयाचे जेवण. यानाच्या कप्तानांच्या तसबिरी ओळीने मांडल्या आहेत आणि पिढीगणिक देह कसा फुगत गेला, हे त्या एका दृष्टिक्षेपात सांगतात.

दिग्दर्शकाचा रोख ‘बाय अँड लार्ज’ या सर्वभक्षी कंपनीवर आहे. माणसे आळशी म्हणून लठ्ठ झालेली नाहीत. त्यांना चालण्याची गरजच उरू दिलेली नाही. हा विचार मोलाचा आहे. जॉन आणि मेरी यांच्यासमोरचा पडदा दूर होताच त्यांना एकमेकांचे व भोवतालच्या जगाचे भान येते. शेवटी कप्तान स्वतःच्या पायांवर उभा राहतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो. तथापि, विचार व्यवस्थेला दोष देत असताना चित्र मात्र देहावर हसविते. खुर्चीवरून घसरलेल्या, उठता न येणाऱ्या माणसाचे दृश्य बालप्रेक्षकास प्रथम विनोद म्हणूनच भेटते. कंपनीचे अर्थकारण आठ वर्षांच्या मुलास कळेलच असे नाही. पालथे पडलेले शरीर मात्र तत्काळ कळते. प्रदर्शनानंतर अमेरिकेतही काही समीक्षकांनी लठ्ठपणा व पर्यावरणाचा नाश यांची अशी सांगड घालण्यावर आक्षेप घेतला होता. तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

‘कुंग फू पांडा’ : देहाचा स्वीकार :

मार्क ऑसबर्न व जॉन स्टीव्हन्सन यांच्या ‘कुंग फू पांडा’मध्ये नायकच लठ्ठ आहे. शेवयांचे दुकान चालविणाऱ्या बापाचा हा मुलगा मन खिन्न झाले की खातो. शिफू त्याचे वजन उतरवीत नाही. त्याची खाण्याची ओढच प्रशिक्षणाचे साधन बनवितो. ताय लुंगचे मर्मप्रहार पोच्या जाड देहावर निष्प्रभ ठरतात. ड्रॅगन-पोथी उघडल्यावर तीत केवळ स्वतःचे प्रतिबिंब दिसते. अर्थात येथेही पायऱ्या चढताना लागणाऱ्या धापेवर हशा पिकविला आहेच. परंतु त्या हशाचा धनी पो स्वतः आहे; त्याला इच्छा आहे, संकल्प आहे, विजय आहे. ‘ॲक्सिऑम’वरील बहुतेक माणसांना साधे नावही मिळत नाही. दोन चित्रपटांतील खरा भेद येथे आहे.

भारतीय संदर्भ :

आपल्या परंपरेत लठ्ठ देहाची दोन रूपे आहेत. लंबोदर गणेश हा मंगलमूर्ती. ‘बाल गणेश’ (२००७) या ॲनिमेशनपटाने त्याचे मोदकप्रेम लाडिकपणे रंगविले. दुसऱ्या बाजूस कुंभकर्णासारखा खादाड, अजस्र राक्षस. २००८ पासून दूरचित्रवाणीवर व २०१२ पासून मोठ्या पडद्यावर आलेल्या ‘छोटा भीम’मध्ये लाडू खाऊन बळ मिळविणारा भीम नायक, तर आडदांड व धटिंगण कालिया प्रतिस्पर्धी आहे. लाडूविक्रेत्या मावशीचे ‘टुनटुन’ हे नाव हिंदी चित्रपटातील स्थूल विनोदी अभिनेत्रीची आठवण करून देते. म्हणजे खाणे गौरविले जाते, पण खाण्याचे शरीरावर दिसणारे रूप हास्यास्पदच राहते.

मराठी भाषेतही हा विरोध आहे. तान्ह्या मुलास ‘बाळसेदार’, ‘गुटगुटीत’ म्हणून दृष्ट काढली जाते. तोच मुलगा दहा वर्षांचा होताच वर्गात ‘जाड्या’, ‘ढोल्या’ ठरतो.

तुळजापूरच्या संदर्भात :

धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण असून येथून ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर होते. २०१८ साली त्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके खुरटलेली, तर सुमारे ४ टक्के अतिवजनाची आढळली. अशा प्रदेशात एकाच बाकावर शाळेतील पोषण आहारावर अवलंबून असलेले मूल आणि पुड्यातील तळलेल्या पदार्थांवर वाढलेले मूल शेजारी बसू शकते. ‘कमी खा’ हा पडद्यावरील संदेश पहिल्यास लागू नाही. दुसऱ्यास तो केवळ टोमणा म्हणून पोहोचतो. राज्य शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश दिला, त्यामागे मुलाला नव्हे, तर त्याच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या पदार्थाला जबाबदार धरण्याची भूमिका होती. ‘वॉल-ई’चा विचारही मुळात हाच आहे.

निष्कर्ष :

१. ॲनिमेशनपटातील लठ्ठ देह हे योजलेले विधान असते. त्यास निरागस मानता येत नाही.
२. संदेश व्यवस्थेविरुद्ध असला तरी हसू देहावर बेतलेले असेल, तर बालमनात हसूच टिकते.
३. लठ्ठ पात्रास नाव, इच्छा व कर्तृत्व दिले आहे काय, ही अशा चित्रपटाची कसोटी मानावी.
४. शिक्षक व पालकांनी हे चित्रपट वर्ज्य न करता मुलांसोबत पाहावेत आणि ‘आपण कोणाला हसलो व का?’ हा प्रश्न विचारावा.

चित्रपट संपल्यावर वर्गातील एखादे मूल अधिक एकाकी होत असेल, तर त्या चित्रपटाचा आरोग्यसंदेश कितीही उदात्त असला तरी तो अपुराच म्हणावा लागेल.